‘बदला’ म्हणावे की ‘स्वसंरक्षण’? हल्ल्याची बातमी कायद्याच्या नजरेने वाचताना

पुलगावजवळच्या एका खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या सरांनी मला एक प्रश्न पाठवला आहे. त्यांच्याकडची सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, रात्री मोबाइलवर हवाई हल्ल्यांच्या चित्रफिती पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारतात, “सर, हे कायद्यात बसते का जी?” एक वाहिनी ‘अचूक मारा’ म्हणते, समोरच्या देशाची वाहिनी ‘निरपराध मारले’ म्हणते. अशा वेळी घरी बसून बातमी पाहणाऱ्या माणसाला हल्ला कायदेशीर होता की नव्हता हे ठरवता येते का, आणि मुलांना काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे. मी चौदा वर्षे नागपूरच्या एका दैनिकात परदेशच्या बातम्यांचे पान लावले आणि त्यानंतर आजवर वर्धा जिल्ह्यातील न्यायालयांत फौजदारी वकिली करतो आहे. या दोन्ही कामांत जे शिकलो त्याच्या आधाराने उत्तर देतो.

पहिल्या दिवशी ते ठरवता येत नाही, हे आधी मान्य करावे. परंतु कोणते प्रश्न विचारायचे हे पहिल्या दिवशीही ठरवता येते, आणि बातमीने त्यांपैकी कोणता प्रश्न गाळला आहे, हे तर नक्कीच ओळखता येते.

आपल्याकडच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापासून सुरुवात करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या मारहाणीच्या खटल्यांत अशी प्रकरणे नेहमीच असतात. दोन शेजारी धुऱ्यावरून भांडतात, एकाचे डोके फुटते, दोघेही ठाण्यात तक्रार देतात आणि दोघेही म्हणतात की आधी समोरच्याने मारले. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वतःच्या बचावाचा हक्क दिला आहे, पण त्याला मर्यादाही घातल्या आहेत: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही. आता अशील मला सांगतो, “साहेब, त्यानं मायावर कुऱ्हाड उगारली म्हणून मी काठी मारली,” तेव्हा माझ्या हाती बचाव असतो. तोच अशील पारावर चार लोकांसमोर, “त्याले सोडत नव्हतो म्हनलं होतं, सोडलं नाही,” असे बोलून आलेला असेल, तर तो बचाव त्याने स्वतःच्या तोंडाने घालवलेला असतो. काठी तीच आणि जखमही तीच, पण पहिल्या वाक्यात बचाव आहे आणि दुसऱ्यात कबुली.

देशांच्या बाबतीतही कायद्याची रचना बरीचशी अशीच आहे. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) प्रमाणे एका देशाने दुसऱ्यावर बळ वापरणे किंवा तशी धमकी देणे निषिद्ध आहे. त्याला सनदेत दोनच अपवाद आहेत. एक, सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणाखाली परवानगी देणे; आणि दुसरा, कलम ५१ खालचा स्वसंरक्षणाचा हक्क, जो ‘सशस्त्र हल्ला झाल्यास’ मिळतो आणि जो वापरल्याचे सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवावे लागते. याखेरीज ते बळ आवश्यक होते आणि प्रमाणात होते, हेही दाखवावे लागते. सूड म्हणून केलेला सशस्त्र प्रतिहल्ला या दोन्ही अपवादांत बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० च्या मैत्रीपूर्ण संबंधांविषयीच्या जाहीरनाम्यात, बळ वापरून केलेल्या सूडाच्या कृतींपासून दूर राहणे हे प्रत्येक देशाचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून हल्ल्याच्या बातमीवर ‘बदला घेतला’ हे शीर्षक दिसले की मला मनापासून वाईट वाटते. २६ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ आठवून पाहावी. १४ फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले होते, त्यांत दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले होते, आणि गावोगावचा संताप खरा होता. पाकिस्तानातील बालाकोटच्या दहशतवादी तळावर झालेल्या हवाई कारवाईनंतर तत्कालीन परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे छोटे निवेदन वाचले, त्यातला शब्द न् शब्द एखाद्या मुरलेल्या वकिलाने लिहिल्यासारखा होता. कारवाई ‘बिगरलष्करी’ होती असे त्यांनी म्हटले, म्हणजे पाकिस्तानच्या सैन्यावर आपण हात टाकलेला नाही. ती ‘संभाव्य हल्ला रोखण्यासाठी’ होती, कारण आणखी आत्मघाती हल्ल्यांची तयारी सुरू असल्याची खात्रीशीर माहिती होती, म्हणजे घडून गेलेल्याची परतफेड हे कारण नव्हते. तळ दाट जंगलात, टेकडीवर, वस्तीपासून दूर होता आणि नागरिकांना इजा होऊ नये हे लक्ष्य निवडतानाच पाहिले होते, म्हणजे खबरदारी घेतली होती. कायदा जे जे प्रश्न विचारील, त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर त्या निवेदनात आधीच देऊन ठेवलेले होते.

त्याच दिवशी अनेक पडद्यांवर मात्र ‘बदला’ हा एकच शब्द फिरत होता. आपल्या देशाच्या वकिलाने न्यायालयात बचाव मांडावा आणि त्याच वेळी आपणच पारावर उभे राहून कबुली द्यावी, असे ते झाले. वाहिनीचा मथळा देशावर बंधनकारक नसतो हे खरे आहे. पण जगाच्या मतासमोर देशाची बाजू उभी राहते ती अशाच शब्दांवर, आणि पुढे आपल्यावर कोणी ‘बदला’ घेतला तर त्याला बेकायदा म्हणण्याचा आपला आवाजही त्यामुळे क्षीण होतो. ७ मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचे शब्द असेच मोजलेले होते: कारवाई मोजकी, तणाव न वाढवणारी, प्रमाणात आणि जबाबदार असल्याचे त्यांनी सांगितले आणि पुढील हल्ल्यांच्या माहितीचा उल्लेख केला. २२ एप्रिलच्या पहलगाम हल्ल्यात २६ माणसे मारली गेल्यानंतरही देशाचा अधिकृत प्रतिनिधी सूडाची भाषा टाळतो, यामागे सौजन्य नसून कायदा आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

निवेदन चांगले लिहिले म्हणून कारवाई आपोआप कायदेशीर ठरते, असे मात्र मुळीच नाही. हल्ला होण्याआधीच हाणण्याचा हक्क कुठवर जातो, हा या कायद्यातला सर्वांत वादग्रस्त भाग आहे. १८३७ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील कॅनडातून आलेल्या सैनिकांनी नायगारा नदीत ‘कॅरोलाइन’ नावाची अमेरिकी बोट जाळली. त्या वादात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी जी कसोटी मांडली तिचा आधार आजही घेतला जातो: गरज तातडीची असावी, दुसरा मार्ग नसावा, विचार करायलाही उसंत नसावी. जून १९८१ मध्ये इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली आणि स्वसंरक्षण असे कारण दिले. सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ ने एकमताने, म्हणजे अमेरिकेच्या मतासह, त्या हल्ल्याचा निषेध केला. दुसऱ्या देशाच्या भूमीवरून काम करणाऱ्या टोळीने हल्ला केला तर त्या देशात घुसता येते का, यावरही देशांचे एकमत नाही. भारताने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत घेतलेली भूमिका अशी, की कलम ५१ फक्त देशांनी केलेल्या हल्ल्यांपुरते मर्यादित नाही. काही देश आणि अभ्यासक हे मान्य करतात, काही करत नाहीत. बातमीत ‘आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार पूर्णपणे वैध’ किंवा ‘उघड उघड बेकायदा’ असे ठाम वाक्य दिसले, तर ते कोणाचे मत आहे हे बातमीदाराने सांगायलाच हवे.

या बाबतीत वाचकाच्या उपयोगाची एक बारीकशी गोष्ट आहे. सुरक्षा परिषदेला पाठवायचे ते पत्र. निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या १९८६ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले, की असे कळवलेच नसेल, तर आपण स्वसंरक्षण करतो आहोत याची त्या देशाला स्वतःला तरी खात्री होती का, हे पाहताना ती बाब विचारात घेता येते. ही पत्रे गुप्त नसतात, संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत प्रसिद्ध होतात. तरीही हल्ल्याच्या शंभर बातम्यांत एखादीतच ‘पत्र दिले का’ हा प्रश्न सापडतो.

इथवर झाला तो बळ वापरायचे की नाही याचा कायदा. बळ कसे वापरायचे याचा कायदा वेगळा आहे, आणि बहुतेक बातम्या या दोहोंची सरमिसळ करतात. स्वसंरक्षणाचा पूर्ण हक्क असलेला देशही दवाखान्यावर बॉम्ब टाकू शकत नाही. आणि आक्रमण करणाऱ्या देशाच्या सैनिकांनाही जखमी झाल्यावर उपचार मिळण्याचा हक्क असतो. हा दुसरा कायदा जिनिव्हा करारांतून आणि त्यांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त करारातून (प्रोटोकॉल) येतो. भारत त्या अतिरिक्त कराराचा सदस्य नाही, पण नागरिक आणि सैनिक यांत भेद करावा, हानी प्रमाणात असावी, खबरदारी घ्यावी, ही त्यातली मूळ तत्त्वे रूढ कायदा, म्हणजे देशांच्या प्रथेतून बनलेला कायदा, म्हणून सर्वांवरच बंधनकारक मानली जातात.

सरांच्या मुलांना हे समजावण्यासाठी परदेशात जायची गरज नाही. पुलगावचा दारूगोळा डेपो त्यांनी जन्मापासून पाहिला आहे. युद्ध झाले तर तो डेपो शत्रूच्या दृष्टीने लष्करी लक्ष्य ठरेल, कारण तिथला दारूगोळा लढाईला थेट हातभार लावतो आणि तो नष्ट झाल्यास शत्रूला ठोस लष्करी फायदा होतो. या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. गावातले कापसाचे जिनिंग लक्ष्य ठरत नाही. रेल्वेमार्गावरून दारूगोळाही जातो आणि वर्ध्याला जाणारे प्रवासीही जातात, म्हणून त्याचे उत्तर त्या दिवशी त्याचा वापर काय होता यावर ठरते. डेपोत काम करणारा मजूर नागरिकच राहतो. आत असताना त्याच्या जिवाला धोका आहे, पण त्याला घरी गाठून मारता येत नाही, आणि आत किती मजूर असतील याचा हिशेब हल्ला करणाऱ्याला आधी करावा लागतो. अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल, तर लक्ष्य खरे असूनही हल्ला बेकायदा ठरतो. दुसऱ्या बाजूने, डेपोला लागून वस्ती वाढू न देणे हे ज्याचा डेपो त्याचे काम आहे. त्याने ते केले नाही म्हणून हल्ला करणाऱ्याची जबाबदारी मात्र संपत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या डेपोत आग लागली तेव्हा आसपासच्या गावांतील माणसे मुलाबाळांना घेऊन अंधारातच घराबाहेर पडली होती. तो अपघात होता, हल्ला नव्हे. तरीही लष्करी लक्ष्याशेजारी राहणे म्हणजे काय, हे त्या गावांना कोणी शिकवण्याची गरज उरलेली नाही. त्या दिवशी मृतांचा आकडा किती वेळा बदलला, हेही त्यांना आठवत असेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी दृश्ये पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या कायद्यात हल्ल्याचा न्याय केवळ परिणामावरून होत नाही. हल्ला ठरवणाऱ्याला त्या वेळी काय माहीत होते, काय माहीत करून घेणे शक्य होते आणि त्याने कोणती खबरदारी घेतली, यावरून होतो. म्हणून पडलेल्या घराचे चित्र एकट्याने बेकायदेशीरपणा सिद्ध करत नाही, आणि ‘इतके दहशतवादी ठार’ या वाक्याने कायदेशीरपणाही सिद्ध होत नाही. बालाकोटनंतर मृतांच्या आकड्यांवर दिवसेंदिवस चर्चा झाली. वायुदल प्रमुख बी. एस. धनोआ यांनी मात्र ४ मार्चला सांगितले, की वायुदल मृतांची मोजणी करत नाही, लक्ष्याला मारा लागला की नाही एवढे पाहते. कायद्याच्या दृष्टीनेही आकड्याला पडद्यावर मिळते तितके महत्त्व नाही.

ही माहिती पहिल्या दिवशी कोणाकडे असते? हल्ला करणाऱ्याकडेच. म्हणूनच बातमीदाराची कसोटी लागते. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकेच्या ड्रोनने एका घराच्या अंगणात उभी असलेली पांढरी टोयोटा गाडी उडवली. तीन दिवसांपूर्वी विमानतळावरच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि शंभराहून अधिक अफगाण मारले गेले होते, आणखी हल्ल्याची भीती होती, आणि आठेक तास त्या गाडीवर वरून नजर ठेवली होती. गाडीत स्फोटके भरताना पाहिले, असे सांगण्यात आले. अमेरिकेच्या संयुक्त सैन्यप्रमुखांनी हल्ला न्याय्य असल्याचे म्हटले. जगभर बातमी तशीच छापली गेली.

न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी मात्र त्या गाडीच्या चालकाचा तो दिवस तासातासाने जोडून काढला. तो एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. संस्थेच्या कार्यालयातल्या सुरक्षा कॅमेऱ्यात तो नळीने प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरताना दिसत होता, कारण त्याच्या वस्तीत पाणी येत नव्हते. आकाशातून स्फोटके वाटले ते हे पिण्याचे पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे सायकलला, मोटारसायकलला असेच कॅन बांधून माणसे विहिरीवर जातात, त्यामुळे ते चित्र पाहताना मला फार वेळ काही सुचले नव्हते. मेलेल्या दहा जणांत सात मुले होती. १७ सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने ती चूक असल्याचे कबूल केले. शिक्षा कोणालाच झाली नाही, कारण लष्कराच्या मते ती प्रामाणिक चूक होती. प्रामाणिक चूक कायद्यात गुन्हा नसू शकते, पण शंका असेल तर समोरचा माणूस नागरिक मानावा, हाही नियमच आहे. आठ तासांत शंका यायला हवी होती की नव्हती, हा खरा कायदेशीर प्रश्न होता. तो विचारता आला, कारण एका वृत्तपत्राने निवेदनावर न थांबता अंगणापर्यंत जाऊन पाहिले.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धचे ‘पुरावे’ मांडले. रात्रपाळीला मी होतो. वृत्तसंस्थेच्या तारेत ‘पॉवेल यांचा दावा’ असे होते. दोन स्तंभांत मथळा बसेना म्हणून ‘दावा’ हा शब्द मी काढला, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या हजारो घरांत इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रे आहेत ही वस्तुस्थिती म्हणून पोचली. मार्चमध्ये युद्ध झाले आणि तसे साठे सापडलेच नाहीत. मे २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या त्या काळातल्या वार्तांकनातील उणिवा वाचकांसमोर मान्य केल्या. आमच्या कार्यालयात तसे काही करण्याचा विषय निघाला नाही, आणि तो मीही काढला नाही, याची खंत मला आजही आहे.

वृत्तवाहिनीच लक्ष्य होऊ शकते का, असेही मुले विचारतील. २३ एप्रिल १९९९ ला नाटोने बेलग्रेडमधील सर्बियाच्या सरकारी दूरचित्रवाणीची इमारत पाडली आणि १६ कर्मचारी मारले गेले. नाटोचे म्हणणे, ते केंद्र लष्करी संदेशवहनाचा भाग होते आणि प्रचारही करत होते. पहिले कारण खरे असेल तर विचार करता येतो. नुसता प्रचार, तो कितीही विखारी असला तरी, इमारतीला लष्करी लक्ष्य बनवत नाही. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अभियोक्त्यांनी यावर चौकशी उघडली नाही, आणि पुढे सर्बियाच्याच न्यायालयाने कर्मचाऱ्यांना बाहेर न काढल्याबद्दल त्या केंद्राच्या संचालकाला शिक्षा दिली. १६ जून २०२५ ला इस्रायलने तेहरानच्या सरकारी दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण सुरू असतानाच मारा केला, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आपल्या वाहिन्यांसाठीचे नियमही माहीत असावेत. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना तिचे थेट प्रक्षेपण करण्यास केबल दूरचित्रवाणी नियमांत २०१५ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार मनाई आहे आणि वार्तांकन नियुक्त अधिकाऱ्याच्या माहितीपुरते ठेवावे लागते. मुंबईवरील २६/११ च्या हल्ल्यावेळच्या प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. सैनिकाचा जीव जाऊ नये म्हणून हा नियम हवाच. पण एका अधिकाऱ्याच्या माहितीवर थांबायचे असेल, तर बातमीत ‘अधिकाऱ्यांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्दही तितक्याच काटेकोरपणे आले पाहिजेत. मे २०२५ मध्ये काय झाले? ८ मेच्या रात्री कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या चालल्या, त्या खोट्या निघाल्या. पूंछमध्ये पाकिस्तानी गोळामाऱ्यात मारल्या गेलेल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी म्हणून दाखवले. पोलिसांना खुलासा करावा लागला आणि पुढे तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. ज्याला शत्रूच्या तोफेने मारले, त्याला आपल्याच पडद्याने दुसऱ्यांदा मारले. आपल्या गावातल्या एखाद्या गुरुजींबाबत असे झाले असते तर, हा विचार मुलांनी जरूर करावा.

सर, वर्गात करण्यासारखे एक काम सुचवतो. मुलांना हल्ल्याची एक बातमी द्या आणि पेन्सिलीने तीन खुणा करायला सांगा: कोण बोलतो आहे तिथे एक रेघ, बातमीदाराने स्वतः काय पाहिले तिथे दोन रेघा, आणि कोणीही न सांगता वस्तुस्थिती म्हणून आलेल्या वाक्याभोवती चौकोन. मग त्याच हल्ल्याची दहा दिवसांनंतरची बातमी द्या आणि चौकोनातली किती वाक्ये टिकली ते पाहू द्या. काबूलच्या हल्ल्याची सुरुवातीची आणि १७ सप्टेंबरनंतरची कात्रणे माझ्याकडे आहेत. खरिपाच्या पेरण्या आटोपल्या की एखाद्या रविवारी घेऊन येतो. फळा आणि मुले तेवढी असू द्या.